दोन आणि चारवर चुटकी

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी दुपारची आहे, आणि खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. लोकांना पटवता पटवता माझी मावशी गेली. मला ती हौस नाही.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलातला जेवणाचा हॉल. दुपारची जेवणं आटोपली होती, टेबलं पुसून झाली होती, आणि हॉलमध्ये मी एकटीच होते.

मी पियानो सुरात लावते. हा माझा धंदा. एक बाई हे काम करते म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "जमतं का तुम्हाला?" जमतं.

त्या हॉलमधला पियानो मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या शेजारी उभी राहून माझी मावशी आयुष्यभर गायली.

जॅझ गायची ती. आणि चांगली गायची. भाची आहे म्हणून सांगत नाही. भाची असल्यामुळे मला उलट उशिराच कळलं. पिकतं तिथे विकत नाही. आमच्या घरात तिच्या गाण्यापेक्षा तिच्या उशिरा येण्याचीच चर्चा जास्त व्हायची.

शाळा सुटली आणि ती एका बँडमध्ये शिरली. बँडचा प्रमुख ट्रम्पेट वाजवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. तोंडावर मीही त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

मास्तरने तिला उभं केलं ते एका अटीवर. सूप येईपर्यंत गायचं. सूप आलं की बाजूला व्हायचं, मग मास्तरचं ट्रम्पेट.

पुढे रेकॉर्ड कंपनीची माणसं आली. पोटभर जेवली. बँडची रेकॉर्ड काढू म्हणाली. फक्त बँडची, गाणारीची गरज नाही. मावशीच्या गाण्याच्या जागा मास्तरने ट्रम्पेटवर वाजवल्या. त्या रेकॉर्डच्या कव्हरवर मावशीचा फोटो आहे. म्हणजे तिचा हात आहे, माइकच्या दांडीवर. बाकीची मावशी कापली गेली.

"निदान हात तरी चांगला आलाय," ती म्हणायची.

स्वतःला ती मीठदाणी म्हणायची. "टेबलावर असतेच मी. कुणी बघत नाही. रिकामी झाले की मग हाक मारतात."

मॅनेजर बदलत गेले. प्रत्येक नवा मॅनेजर आला की पहिल्याच आठवड्यात तिला येऊन तेच सांगायचा. बाई, जरा हळू गा, लोकांना बोलता येत नाही.

आणि ती हळू गायची. दरवर्षी आणखी थोडी हळू.

आता दोन गोष्टी सांगते. त्या लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली गोष्ट चुटकीची. एक-दोन-तीन-चार असं मोजत गेलं, तर साधी माणसं एक आणि तीनवर टाळी देतात. जॅझमध्ये ती दोन आणि चारवर द्यायची असते. मावशी गाताना उजव्या हाताने दोन आणि चारवर चुटकी वाजवायची. हॉलमधले लोक, चुकून कधी टाळ्या वाजवल्याच, तर एक आणि तीनवर. "सबंध हॉल एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला," ती हसून म्हणायची. घरी कांदा चिरतानाही तिची चुटकी चालू असायची.

दुसरी गोष्ट तिच्या गाण्याची. ती इतरांची गाणी गायची, पण एक तिचं स्वतःचं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. तिथे बश्यांच्या चवडी, भिंतीला एक आरसा. तीच तिची कपडे बदलायची जागा. त्या बोळात उभ्या उभ्या तिने ते गाणं रचलं. शब्द तिचे, चालही तिचीच.

गाण्यात एक बाई जिना चढून येते. दारावर टकटक करते. आतून विचारतात, कोण आहे?

आणि शेवटच्या ओळीत ती सांगते, ती कोण आहे.

पण ती शेवटची ओळ मावशीने कधी गायलीच नाही.

"कोण आहे?" पर्यंत यायची. थांबायची. चुटकी वाजत राहायची… दोन… चार… आणि पियानो गाणं संपवून टाकायचा.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "मावशी, मग ती बाई कोण असते?"

"तुला कशाला सांगू? तुला माहितीये मी कोण ते. घरच्यांनी विचारलेलं मोजत नाहीत. हॉलमधलं कुणीतरी विचारू दे. ज्या दिवशी विचारेल त्या दिवशी गाईन."

केस पांढरे होईपर्यंत ती ते गाणं अर्धवट गात राहिली. समोर माणसं जेवत राहिली. एकाच्याही लक्षात आलं नाही की गाणं अर्धवट आहे.

एकाच्याही नाही.

ती गेली तेव्हा मी उशाशी होते. आवाज आधीच गेला होता. चादरीवर बोटं मात्र हलत होती. चुटकी वाजण्याइतकी ताकद नव्हती, नुसतं बोटावर बोट घासत होतं. दोन… चार… दोन… चार…

मग दोन आला.

चार आलाच नाही.

तर तो शनिवार.

हॉटेलच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यासाठी पियानो लावून द्यायचा होता. माझ्या कामाला शांतता लागते. एका पट्टीला आतमध्ये तीन तारा असतात. दोन तारांना जाड लोकरी कापडाची चिंधी लावून गप्प करायचं, तिसरी लावायची. मग तिच्याशी दुसरी जुळवायची. दोन तारा एकमेकींशी जुळत नसतील तर आवाजात एक थरथर येते. ती थांबेपर्यंत तारेची खुंटी चावीने फिरवायची. मी पंखे बंद करायला लावले होते. दारं लावून घेतली होती.

मधल्या पट्ट्यांपर्यंत आले आणि थरथर ऐकू आली. नेहमीसारखी. मी चावी फिरवली. थरथर मंदावली.

थांबली मात्र नाही.

मी आणखी फिरवली. मग कान दिला…

ती थरथर नव्हती. बारीकसं टक. मग थोडी जागा सोडून पुन्हा टक.

मी तारांवर हात ठेवला. पियानो पूर्ण गप्प झाला.

टक…

टक…

मी मनात मोजलं. एक, टक, तीन, टक.

 पाठीमागे बोळाचं दार होतं. आवाज तिकडून येत होता. तोंडातून आपसूक निघालं, "मावशी?"

आवाज थांबला.

मी उठले, बोळाचं दार उघडलं. बश्या होत्या. आरसा होता. बाकी काही नव्हतं. परत आले तेव्हा माइकची दांडी खाली आलेली दिसली.

मावशी बुटकी होती. दांडी अगदी तिच्या तोंडाइतकी खाली आलेली होती.

जुनी दांडी असेल, सैल झाली असेल. असं मी स्वतःला सांगितलं. आणि काम पुरं केलं. धंदा आहे.

तेवढ्यात मास्तर आला. म्हातारा झालाय, पण ताठ. बरोबर एक नवी गायिका, उंच, लाजरी पोरगी. मागे मॅनेजर, हातात कार्यक्रमाची छापील पत्रिका. मी ती घेऊन वाचली. मावशीचं गाणं शेवटी होतं. खाली छापलं होतं, गीत आणि संगीत, मास्तर.

आयत्या बिळावर नागोबा.

"हे गाणं मावशीचं आहे," मी म्हणाले.

मास्तर हसला. "अगं, तुझी मावशी गुणगुणायची काहीतरी. त्याचं गाणं मी केलं. आणि ते पुरं तरी कुठे होतं? बिनशेपटीचं होतं. शेपूट मी लावलंय."

"म्हणजे?"

"शेवटची ओळ लिहिलीये मी. दारावरची बाई म्हणते, मी तुझीच. लोकांना गोड शेवट लागतो."

"मास्तर, तिला तुम्ही कधी विचारलंत का, तिची ओळ काय होती?"

"कशाला विचारू? असती तर गायली नसती का?"

मी मॅनेजरकडे वळले. "माझं दुसरं काही मागणं नाही. तिचं नाव खाली टाका. एवढंच."

"मॅडम, तुमच्याकडे काही पुरावा आहे का?"

पुरावा. तिच्या हाताचा फोटो आहे, म्हणणार होते. गिळून टाकलं. पोरगी खाली मान घालून उभी होती. मग तिने माइकची दांडी वर ओढली आणि म्हणाली, "ही कुणी एवढी खाली केली?"



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. बोलावलं नव्हतं, पण पियानोची तार ऐन वेळी तुटली तर असावी म्हणून मला मागे भिंतीला उभं राहू देतात. हॉल भरलेला. चहाचे कप, चमचे, गप्पा. मास्तरला हार झाला, भाषण झालं. गाणं रचताना त्याला किती कष्ट पडले ते त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. खोटं बोलताना माणसाला खरं रडू येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग पोरगी गायला लागली. बरी गात होती बिचारी. तिचा राग मला येत नव्हता.

लोकांना आज टाळ्यांचा उत्साह होता. एक आणि तीनवर, अर्थातच. सगळा हॉल एक आणि तीनवर.

आणि त्या टाळ्यांच्या मधल्या जागांत…

टक.

टक.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याच तोंडावर काही नव्हतं. फक्त मास्तरची मान वळली होती. तो बोळाच्या दाराकडे बघत होता.

गाण्यातली बाई जिना चढली. तिने दारावर टकटक केली. आतून विचारलं, कोण आहे?

पोरीने श्वास घेतला. तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

ओठ हलत होते. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. ती जीव तोडून गात होती आणि माइकमधून, तिच्या तोंडातून, कुठूनच काही येत नव्हतं. चमचे वाजत होते ते ऐकू येत होतं. कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. फक्त ती ओळ नव्हती. तिच्या जागी दोन चुटक्या ऐकू आल्या.

पियानोने गाणं संपवलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडाडून. शेजारच्या टेबलावरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "शेवट किती सुंदर होता ना?"

मला भुताची भीती तेव्हा वाटली नाही. त्या बाईंची वाटली.

पोरगी माझ्याकडे धावत आली. "ताई, मी गायले हो. मोठ्याने गायले. तुम्हाला ऐकू आलं ना?"

काय सांगणार? "छान गायलीस," म्हणाले. साउंडवाल्याने शपथेवर सांगितलं, माइक चालू होता.

लोक बागेत फराळाला गेले. बाहेर अजून उजेड होता. हॉलमध्ये मी हत्यारं आवरत होते आणि मास्तर माइकच्या वायरी तपासत होता. तो माझ्यावर भडकला होता.

"तूच काहीतरी केलंस. काल दिवसभर इथे होतीस."

"मी पियानोवाली आहे मास्तर. वायरीतलं मला कळत नाही."

"तिच्यासारखीच आहेस. ती पण अशीच. दिलंय त्यात समाधान नाही."

"तिला दिलं काय होतंत तुम्ही?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात आवाज आला.

बोळाच्या दारावर. आतून.

टक…

टक…

या वेळी चुटकी नव्हती. कुणीतरी बोटाने दार वाजवत होतं. सावकाश, अगदी तालात.

मला कळलं.  मी मास्तरला थांबवायला हात पुढे केला. पण दारावर टकटक झाली की माणूस काय करतो? त्यातून तो चिडलेला. तो ओरडला,

"कोण आहे?"

हॉलमधल्या माणसाने विचारलं होतं.

टकटक थांबली.

मला पुढे काहीच ऐकू आलं नाही. हे मी तुम्हाला नीट सांगते, कारण लोक मला नंतर खूप खोदून विचारतात. काही म्हणजे काहीच नाही. पण मास्तरला ऐकू येत होतं. त्याची मान आधी तिरपी झाली, कान देतात तशी. मग हलायला लागली. हळूहळू. दोनवर आणि चारवर. मी त्या माणसाला जन्मभर ओळखते. त्याने मावशीचं गाणं असं ऐकलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्चीत बसला.

मी धावत जाऊन बोळाचं दार उघडलं. बश्या. आरसा. आरशावर, जिथे बुटक्या बाईचं तोंड येईल तिथे, वाफेचा एक ठसा होता. श्वासाचा असतो तसा. माझ्यादेखत तो विरून गेला.

"काय ऐकलंत मास्तर?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ ओले केले.

"ती म्हणाली… मी…"

आणि पुढचं आलंच नाही. ओठ हलत राहिले. आवाज नाही.

"पाणी देऊ का?"

"हो, थोडं पाणी…"

ओठ पुन्हा हलले. पुन्हा आवाज नाही.

तेव्हापासून तसंच आहे. मास्तर जिवंत आहे, खातो, फिरतो. पण कुठलंही वाक्य तो पुरं करू शकत नाही. शेवटचा शब्द येत नाही. "मला भूक…" "दार लावून…" "माझं नाव…" डॉक्टरांनी मेंदू तपासला, घसा तपासला, काही सापडलं नाही. वय झालं म्हणाले. त्याची सून मला म्हणाली, "ताई, बाबा दिवसभर ती एकच ओळ सांगायचा प्रयत्न करतात. आम्ही कान लावून बसतो. पण त्यांचं अर्धंच येतं."

मला त्याची दया यायला हवी. येत नाही. थोडी आली तर मी ती परत पाठवते.

मला वाटलं, आता मावशी सुटली. कुणीतरी विचारलं. तिने गाऊन टाकलं.

पुढच्या खेपेला हॉलमध्ये गेले तर मॅनेजरने नवी पत्रिका दाखवली. गाणं आता दर आठवड्याला होतं. खाली मास्तरचं नाव नव्हतं. मावशीचंही नव्हतं.

"वाद नको मॅडम, म्हणून आम्ही पारंपरिक असं छापलंय."

पारंपरिक. म्हणजे कुणाचंच नाही.

मी खाली बसून पियानो लावला. माइकची दांडी खाली आलेली होती. मी ती तशीच राहू दिली.

आता हे सगळं लिहायचं कारण सांगते.

काही दिवसांपासून माझ्या घरच्या दारावर टकटक होते. दुपारचीच. मी घरात असले तरच. आधी एक जागा रिकामी, मग टक. पुन्हा एक रिकामी, मग टक. पहिल्यांदा झाली तेव्हा नवरा जेवत होता. त्याने मान वर केली, विचारायला तोंड उघडलं. मी उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझा हात उष्टा झाला, तो माझ्याकडे बघतच राहिला.

आता घरात नियम आहे. टकटक झाली की काही विचारायचं नाही. गुपचूप दार उघडायचं. बाहेर जिना असतो. जिन्यावर कुणी नसतं.

घरच्यांनी विचारलेलं मोजत नाहीत, असं ती म्हणाली होती. म्हणजे मी विचारलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित नुसती एक ओळ ऐकू येईल, जी ऐकायला मी लहानपणापासून थांबले आहे. पण मग मला मास्तरचे ओठ आठवतात.

आयुष्यभर ती एका प्रश्नासाठी थांबली. साधा प्रश्न. कुणालाही विचारता येईल असा. आणि आता सगळ्या जगात तो विचारायला हवा हे माहीत असलेली मी एकटी आहे.

आत्ता, हे लिहिता लिहिता, पुन्हा…

टक.

टक.

मी उठलेले नाही. काही विचारलेलंही नाही. हॉलमधले लोक बसायचे तशी बसून राहिले आहे. मला सगळं ऐकू येतंय, आणि मी ऐकत नाहीये.